मागच्या रांगेचं मत

ती गेल्याचं कळलं तेव्हा तो दगडाच्या खाणीत होता, आणि गाडीचं मागचं एक चाक हवेत होतं.

चाक मुद्दामच हवेत धरलं होतं. अशा गाड्यांची ती परीक्षाच असते. खाचखळग्यात न्यायची, एक चाक खड्ड्यात, एक दगडावर आणि एक अधांतरी राहील अशी उभी करायची आणि मग हळूच जोर द्यायचा. हवेतलं चाक नुसतंच गरगरत बसलं तर गाडी दिखाऊ. उरलेल्या चाकांनी जमीन धरून गाडी पुढे सरकली तर ती खरी. ही सरकली. तो एवढा खूश झाला की एकटाच असूनही मोठ्यानं म्हणाला, "वा गं पोरी!" गाडीला तो पोरी म्हणायचा. बायकोला ते अजिबात आवडायचं नाही.

तेवढ्यात खाणीवरचा राखणदार हात हलवत उतारावरून धावत येताना दिसला. हा आता परवानगी विचारणार, म्हणून त्यानं काच खाली करून आधीच सांगून टाकलं, "मालकांशी बोलणं झालंय माझं."

"ते नाही हो," राखणदार धापा टाकत म्हणाला. "ऑफिसात फोन आलाय. तुमच्या घरून. मोबाइल लागत नाही म्हणतात. वर चला."

"कोण आहे?"

"बाई आहेत कुणीतरी. रडतायत."

फोनवर मेव्हणी होती, बायकोची धाकटी बहीण. ती म्हणाली, "भावोजी, ताई उठत नाहीये." तो म्हणाला, "उठत नाहीये म्हणजे?" ती पुन्हा तेच म्हणाली. मग फोन कुणीतरी पुरुषानं घेतला आणि आपण डॉक्टर आहोत असं सांगितलं. पुढचं त्याला सांगायची गरज पडली नाही.

खड्ड्यातून गाडी कशी बाहेर काढली, घरापर्यंत कशी आणली, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की ती दाराजवळच्या खुर्चीत बसलेली होती आणि तिच्या एकाच पायात चप्पल होती. बाजारात निघाली होती. पिशवी मांडीवर होती.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं त्याला बाजूला घेतलं. "हृदय बंद पडलं. पण असं एकाएकी सहसा होत नाही. काल काही म्हणाल्या का? पाठीत दुखतंय, मळमळतंय, दम लागतोय, असं काही?"

"नाही," तो म्हणाला. "काल दिवसभर ती माझ्याबरोबरच होती. गाडीत."

हे उत्तर देताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तो मूळचा गॅरेजमधला माणूस. गाड्या उघडण्यात आणि जोडण्यात अर्धं आयुष्य गेलं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा एका साप्ताहिकाचे संपादक, त्याचे जुने गिऱ्हाईक, म्हणाले, तुम्ही गाडीबद्दल जे तोंडानं सांगता तेच कागदावर उतरवा. तो म्हणाला, मला लिहिता येत नाही. संपादक म्हणाले, म्हणूनच. अशा रीतीनं तो नव्या गाड्या तपासून त्यांच्यावर लिहू लागला. कंपनीचा माणूस गाडी दारात आणून द्यायचा आणि दोन-तीन दिवसांनी घेऊन जायचा. बायको त्या माणसाला किल्लीवाला म्हणायची, आणि पुढे तोही स्वतःला फोनवर किल्लीवालाच म्हणवून घ्यायला लागला.

तीन रांगांच्या मोठ्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा घोडं अडलं. पुढे बसून मागच्या रांगेबद्दल लिहिणार काय? गाडी उभी असताना तो मागे बसून बघायचा, पण उभ्या गाडीत सगळ्याच जागा चांगल्या. मग बायको म्हणाली, "मी बसते की. मला काय, इथेही बसायचं आणि तिथेही."

ती कपडे शिवायची. माप घेण्याचा हात होता, नजर होती. टेप गळ्यात घालूनच मागच्या रांगेत शिरायची. गुडघ्यापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत किती, डोक्यापासून छतापर्यंत किती, हे ती मोजायचीच, पण तिचं खरं मत मोजमापात नसायचं. एका गाडीबद्दल ती म्हणाली होती, "ही रांग सुनेनं सासूसाठी केलेली दिसते." दुसऱ्या एकीबद्दल, "इथे बसून माणूस फक्त पश्चात्ताप करू शकतो." तो ते जसंच्या तसं लिहायचा. संपादकांनी त्याची वेगळी चौकट केली, लेखाच्या शेवटी, आणि वर नाव दिलं 'मागच्या रांगेचं मत'. लोक लेख शेवटाकडून वाचायला लागले. इंजिनाबद्दल त्यानं जीव ओतून लिहिलेलं कोण वाचत होतं कुणास ठाऊक.

"घरात माणसं दोन," धाकटी चिडवायची, "आणि मत देणार सात जणांच्या गाडीवर!"

"म्हणून तर निःपक्षपाती देतो," बायको म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. गाडी चालू असताना मागच्या रांगेनं बोलायचं नाही. त्याला गिअरचा आवाज ऐकायचा असे, खडीवर टायर कसे बोलतात ते ऐकायचं असे, आणि मधेच कुणी काही म्हटलं की त्याचं चित्त उडायचं. शिवाय तिनं पहिल्या वळणावर दिलेलं मत शेवटच्या वळणावर बदलायचं. म्हणून ठरलं, की मत घरी आल्यावर, चहाबरोबर. गाडीत जो बोलेल त्यानं चहा करायचा. एरवी चहा तो करायचा, कारण ती कधी बोलायचीच नाही. शिवणाऱ्या बाईला गप्प बसायची सवय असते, असं ती म्हणायची. तोंडात टाचण्या धरून बोलणार कशी?

या शेवटच्या गाडीत ती पहिल्या दिवशी बसली होती. शहरातून, मग मोठ्या रस्त्यानं, मग टेकडीच्या कच्च्या वाटेनं वर आणि परत. दुसरा दिवस खाणीचा. तिथे तो एकटाच जायचा, कारण तिथे पाठीच्या कण्याचं काही खरं नसतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मधली सीट पुढे पाडली तेव्हा ती सावकाश उतरली. घरात गेल्यावर सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "आज चहा मी करायला हवा. पण जरा पडते."

"का? बोललीस की काय गाडीत?"

ती हसली. "ऐकू आलं नाही ना? मग झालं तर."

"आणि मत?"

"उद्या सांगते."

त्यानं चहा केला. तिनं अर्धा घेतला. त्याचं डोकं चौथ्या गिअरच्या बारीकशा घरघरीत अडकलेलं होतं.

पुढे काही महिने त्यानं काहीच लिहिलं नाही. संपादकांनीही विषय काढला नाही. मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज असा, की माणूस दार न वाजवता नुसता बाहेर उभा आहे.

"ती गाडी आता विक्रीला येतेय. सगळ्यांचं लिहून झालं. आपलंच राहिलंय. म्हणजे, घाई काही नाही. पण लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"मागच्या रांगेचं विचारतात."

तो नाही म्हणणार होता. पण फोन कानाला धरून उभा असतानाच त्याला जाणवलं, की त्या गाडीत ती बसली होती. दिवसभर बसली होती. तिचं मत तयार झालेलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं. ती शेवटची चौकट तिची होती आणि ती कुठेतरी अर्धवट पडली होती. तेवढी तरी पुरी करायला हवी. तिला काय वाटलं असेल ते शोधून काढायचं आणि लिहायचं. मग पुढे लिहिलं नाही तरी चालेल.

"गाडी पाठवा," तो म्हणाला. "पण तीच पाठवायला सांगा."

किल्लीवाल्यानं तीच आणली. पुढच्या बंपरखाली खाणीतला ओरखडा तसाच होता. किल्लीवाल्यानं किल्ली हातात ठेवली आणि तो रिक्षात बसून गेला.

आता मागे बसणार कोण, हा प्रश्न होता. धाकटी आपणहून आली. ताईएवढीच उंची, ताईसारखाच बांधा. फरक एवढाच की हिचं तोंड बंद म्हणून नसायचं. बायको तिला रेडिओ म्हणायची.

"मला तुमचा तो नियम जमणार नाही," तिनं आधीच बजावलं. "मला बोलायला लागतं."

"बोल. तू बोलच. जे वाटेल ते त्याच क्षणी सांग."

मग तो तिला त्याच वाटेनं घेऊन निघाला. शहरात रेडिओ नीट लागला होता. "भावोजी, पाय तर मावतात. बाजूची काच उघडतच नाही हो. ताई कशी बसायची इथे? अहो, तो बघा, हिरव्या दिव्याला थांबलाय शहाणा!" तो ऐकत होता. बऱ्याच दिवसांनी गाडीत माणसाचा आवाज होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर शब्द तुटक यायला लागले, मग नुसता सूर, मग तोही नाही. टेकडीची वाट सुरू झाली. खालून खडी ताशासारखी वाजायला लागली, आणि त्याच्या अंगातला जुना मेकॅनिक जागा झाला. त्यानं चारही चाकांना जोर दिला. गाडी चढत होती. छान चढत होती. सस्पेन्शन खड्डे गिळत होतं, स्टिअरिंग हातात शांत होतं. रेडिओ बंद पडलाय हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याला वाटलं, झोप लागली असेल.

माथ्यावर त्यानं गाडी थांबवली, उतरून मागचं दार उघडलं आणि मधली सीट पाडली. धाकटी पांढरीफटक पडली होती.

"बहिरे झालात का तुम्ही?" ती ओरडली. "किती हाका मारल्या! मळमळतंय म्हणते, थांबा म्हणते, थांबा, थांबा! सीटवर थापासुद्धा मारल्या. मागे वळून बघाल तर शपथ!"

"कधीपासून?"

"ते झाड पडलंय ना वळणावर, तिथपासून."

ते वळण अगदी खाली होतं, टेकडीच्या पायथ्याशी.

ती बाजूला जाऊन दगडावर बसली आणि बाटलीतलं पाणी तोंडावर मारत राहिली. तो दार धरून उभाच होता. मग तो पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि आरशात बघितलं. आरशात मधल्या रांगेच्या उंच पाठी दिसत होत्या. त्यांच्या मागे मागची काच. मधे माणूस आहे की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. इतक्या गाड्या तपासल्या, इतके आरसे नीट केले, पण या आरशात आपली बायको दिसते का हे त्यानं बघितलं नव्हतं. दिसायची गरज नव्हती. ती मागेच असायची.

"धाकटे," तो म्हणाला, "बरं वाटतंय का? गाडी चालवशील?"

"ही एवढी मोठी बस?"

"हळू चालव. खाली झाडापर्यंत जा आणि परत वर ये. मी मागे बसतो."

"तुमचे गुडघे?"

"बसतो मी."

बसायला त्रास झाला. आधी पाय की आधी डोकं, हेच कळेना. गाडीचा तळ तिथे उंच होता, खाली मागच्या चाकांचा आस होता, त्यामुळे बसल्यावर गुडघे छातीकडे आले. काचेतून फक्त आभाळ आणि झाडांचे शेंडे. धाकटीनं बाहेरून मधली सीट उभी करून खटका लावला आणि तो बंद झाला. त्याला पहिल्यांदा कळलं, की इथून स्वतःहून उतरता येत नाही. खटका पुढच्या बाजूला. कुणीतरी यावं लागतं.

गाडी निघाली. खडीचा आवाज इथे पायांतून, पाठीतून येत होता. मागच्या दाराचा एक सांधा सतत कुरकुरत होता. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "धाकटे." काही नाही. जरा मोठ्यानं म्हणाला. मग ओरडला. पुढे दोन सीटांच्या फटीतून तिचा खांदा तेवढा दिसत होता, आणि तो खांदा आपल्या कामात होता. चांगली चालवत होती. लक्ष देऊन चालवत होती.

नंतर तो ओरडला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. वळणं येत होती आणि त्याला ती आधी दिसत नव्हती. शरीर एका बाजूला गेलं की कळायचं, वळण आलं. असंच ती बसली होती. आणि काहीतरी म्हणाली होती. ऐकू आलं नाही ना, असं तिनं नंतर विचारलं होतं, म्हणजे काहीतरी म्हणाली होतीच. 'जरा हळू' म्हणाली असेल. 'बघा, केवढा मोठा पक्षी' म्हणाली असेल. 'थांबा' म्हणाली असेल. कितीदा म्हणाली असेल? आणि तो पुढे चौथा गिअर ऐकत होता.

काल काही म्हणाल्या का, असं डॉक्टरनं विचारलं होतं. आणि त्यानं किती पटकन उत्तर दिलं होतं.

माथ्यावर परत आल्यावर धाकटीनं दार उघडलं आणि ती खुशीत बोलायला लागली, "अहो, मस्त आहे की! हलकी आहे हाताला! मला वाटलं..." मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि थांबली. सीट पाडून तिनं त्याला हात दिला. तो उतरला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

त्यानं तिला त्या संध्याकाळचं सांगितलं. चहाचं, हसण्याचं, 'मग झालं तर'चं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

धाकटीनं बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"गंमत केली असेल हो," शेवटी ती म्हणाली.

"असेल."

"ताईला सवयच होती. काही नसताना तुम्हाला कोड्यात टाकायची."

"होती."

"आणि खरंच दुखत असतं तर घरी आल्यावर बोलली नसती का? सांगा ना."

"उद्या सांगते म्हणाली."

धाकटीनं तोंड फिरवलं. टेकडी उतरताना ती पुढे, त्याच्या शेजारी बसली. मागे कुणीच नव्हतं, तरी तो सगळी वाट हळू चालवत आला.

किल्लीवाला गाडी न्यायला आला तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "कशी वाटली साहेब?"

"चढते."

"आणि मागची रांग?"

"मागून हाक मारली तर पुढे ऐकू येत नाही."

किल्लीवाला हसला. "या आकाराच्या सगळ्याच गाड्यांत तसं असतं. खरं सांगू का, लोकांना तेच आवडतं. पोरांचा दंगा पुढे येत नाही." मग त्याला काहीतरी आठवलं असावं. त्याचं हसू तिथेच राहिलं आणि तो किल्ली घेऊन घाईनं निघाला.

लेख त्यानं लिहिला. इंजिनाचं लिहिलं, गिअरचं लिहिलं, गाडीचं पोट जमिनीपासून पुरेसं वर आहे आणि दगड लागत नाही हे लिहिलं. एक चाक हवेत असताना उरलेली चाकं कशी जमीन धरतात ते खाणीतल्या त्या सकाळच्या आठवणीवरून लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. गाडी चांगलीच होती.

संपादकांनी वाचून फोन केला. "उत्तम झालंय. चौकट कुठाय?"

"चौकट नाही."

"ऐकू येत नाही ते लिहिलंय की तुम्ही आत, शेवटच्या परिच्छेदात. तेच वाक्य उचलून चौकटीत टाकू. चपखल बसेल."

"ते तिचं मत नाही. माझं आहे."

"मग खाली तुमचं नाव घालू."

"त्या चौकटीत आजवर माझं काही छापलेलं नाही."

"मग चौकटच काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तसं."

काढून टाका हे त्याच्या तोंडून निघेना, आणि ठेवा म्हणावं तर त्यात घालायचं काय? संपादक म्हणाले, बरं, दोन दिवस थांबतो. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाले, थांबतो. तो रोज सकाळी चहा करून टेबलाशी बसत होता. तिची टेप समोरच्या खिळ्याला होती. लिहायला बसलं की तो मनातल्या मनात टेकडीची वाट पुन्हा चढायचा, पडलेल्या झाडाच्या वळणापर्यंत यायचा आणि कान मागे लावायचा. खडी वाजायची. सांधा कुरकुरायचा. तिचा आवाज काही केल्या यायचा नाही.

गाडीचं बाकी सगळं लिहून झालं आहे. मागच्या रांगेचं लिहायचं राहिलं आहे.